अर्धी खूण

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

(मोठ्या बहिणीला 'तीर्थरूप' लिहितात की ते फक्त बाबांसाठी राखीव असतं, हे शाळेत शिकवलं त्या दिवशी आपण दोघी कुठल्या तरी स्पर्धेला गेलो होतो. त्यामुळे मला आजही माहीत नाही. चालवून घे.)

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर बोलायची काही सोयच राहिली नाही म्हणून लिहिते आहे. फोन लागला की बाबा लगेच स्पीकर लावतात, आई मागून 'जेवलीस का' विचारते, आणि तुझा नंबर येईपर्यंत माझ्याकडे 'हो, जेवले, जिंकले, ठेवते' एवढंच शिल्लक राहतं. मला तुझ्या एकटीशी बोलायचंय. कागदाला नावं ठेवू नकोस, इथल्या स्पर्धेच्या ड्रॉच्या तक्त्यामागची कोरी बाजू आहे. उलटून बघ, खालून तिसरं नाव माझं.

तर ते खालून तिसरं नाव काल पुढे सरकलं. ६-३, ६-४. समोरची डावखुरी होती, सर्व्हिस बरी, पाय जड. शेवटचा पॉइंट झाल्यावर मी दोन्ही हात वर केले, कारण सरांनी बजावून ठेवलंय, जिंकल्यावर हात वर करायचे, नाहीतर फोटोत हरल्यासारखी दिसतेस. मोजून तीन सेकंद वर ठेवले. मग खाली घेतले आणि टॉवेल शोधला.

इथल्या फिजिओबाई मांडी दाबता दाबता विचारत होत्या, "दुखतंय?"

"नाही."

"आखडल्यासारखं?"

"नाही."

"मग काय वाटतंय?"

मी खरंच विचार केला गं. चांगले दहा सेकंद. मग म्हणाले, "काहीच नाही." त्या "छान!" म्हणाल्या आणि कागदावर बरोबरची खूण केली.

खोलीत दोन पलंग आहेत. एकावर मी झोपते, दुसऱ्यावर बॅग झोपते. खिडकीच्या दांडीवर मोजे वाळत घातलेत आणि बेसिन लाल झालंय. सकाळी सफाईवाल्या बाई आल्या, बेसिन बघितलं आणि घाबरून माझ्याकडेच बघत राहिल्या. मी म्हटलं, "रक्त नाही हो, माती आहे." त्यांना पटलं नाही. जाताना दोन जास्तीचे टॉवेल ठेवून गेल्या.

आता मुद्द्याचं. सरांचे गुडघे गेले, ते महिनाअखेरीस सोडणार, हे तुला कळलंच आहे. आणि परवा फोनवर तू म्हणालीस, "कशाला नवा कोच शोधताय? अठ्ठावीस तारखेला मी त्या निवृत्तीच्या फॉर्मवर सही करून टाकते आणि हिची कोच म्हणून निघते." पाच महिने तो फॉर्म तुझ्या कपाटात पडून आहे. सही नाही म्हणजे तू अजून खेळाडू आहेस, कागदावर का होईना. एकदा तो गेला की परत खेळाडू म्हणून नाव घालणं काही सोपं नाही, हे तुला ठाऊक आहे. तेविसाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे कमालच आहे. बाबा फोनवर रडले. आई म्हणाली, दोघी बरोबर असलात की मला घोर नाही. मग माझी पाळी आली.

मी म्हणाले, "वा!"

आपल्या घरात 'वा' कोण म्हणतं गं? तुलाही ते खटकलं असणार. तू फक्त "बरं, ठेवते" म्हणालीस.

अजून एक. आई सांगत होती, क्लबातल्या लहान मुलांना तू ती सप्टेंबरची मॅच सांगतेस. तिसरा सेट, ताई ५-४ ने पुढे, ४०-३०, मॅच पॉइंट, आणि ताईचा फोरहँड दोन बोटं बाहेर. "मोठ्या पॉइंटला ज्याचा हात सुटतो, त्याने दुसऱ्याला शिकवायला लागावं. म्हणून मी इथे आहे." मुलं खो खो हसतात म्हणे. समोर मीच होते, हेही सांगतेस का? मला काही हसू आलं नाही. ती गोष्ट नको सांगूस ताई. दुसरी कुठलीही सांग. मी कुत्र्याला घाबरून स्कोअरबोर्डवर चढले होते ती सांग.

बाकी सगळं ठीक. जेवते वेळेवर.

तुझी,
बुटकी
(चार बोटं उंच आहे आता तुझ्यापेक्षा, तरी बुटकीच!)

*

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तीर्थरूप रद्द. हाताला जड जातं.

आधीचं पत्र अजून माझ्या बॅगेतच आहे. टपालपेटी सापडली नाही. म्हणजे एक सापडली होती, हॉटेलच्या दारातच, पण तेव्हा पत्र खोलीत होतं. मग पत्र घेऊन खाली आले तेव्हा सर भेटले. असं काही ना काही चाललंय. दोन्ही एकदमच टाकेन.

तुला कळलंच असेल, ती स्पर्धा मी जिंकले. अख्खी. चांदीच्या रंगाचा एक कप मिळालाय, आकाराने फुलदाणीसारखा. फुलं नव्हती म्हणून त्यात टूथब्रश ठेवलाय. बरोब्बर बसतो.

फायनल झाल्यावर चार शब्द बोलायचे होते. मी आयोजकांचे आभार मानले, सरांचे मानले, मैदान सांभाळणाऱ्यांचे मानले. मैदान सांभाळणाऱ्यांचे कोणी मानत नाही, म्हणून तिथले रोलरवाले काका दचकले आणि टोपी काढून उभे राहिले. त्यांची टोपी बघून बाबा आठवले. तेवढ्यापुरतं छातीत काहीतरी हललं, आणि लगेच बंद झालं.

सर तर आनंदाने नाचत होते, त्या गुडघ्यांवर! क्रमवारीत मी किती वर जाणार याचा त्यांनी बसच्या तिकिटाच्या मागे हिशोब मांडला. मग फोटो काढायला लागले. "पोरी, जरा हस की."

हसले.

"राहू दे," म्हणाले.

ताई, तुला एक विचारू? जिंकल्यावर तुला नेमकं कुठे वाटायचं? पोटात की घशात? मला आठवतंय की मलाही वाटायचं, पण कुठे ते आठवत नाही. डॉक्टरांना विचारण्यासारखी गोष्ट नाही ही. आणि सरांना सांगितलं तर ते म्हणतील, झोप पुरी कर. झोप लागते गं. दगडासारखी पडते.

सेमीफायनलला मी एक वेडेपणा केला, तोही सांगते. दुसऱ्या सेटमध्ये समोरचीचा बॉल चांगला वीतभर बाहेर पडला. आंधळ्याला दिसेल असा बाहेर. आणि मी हात वर करून मोठ्याने ओरडले, "चाटला!"

ती बिचारी बघतच राहिली. "काय म्हणालीस?"

आपल्या घराबाहेर हा शब्द कोणाला कळणार? मी हाताने दाखवलं, आत आहे, पॉइंट तुझा. तिने खांदे उडवले आणि पुढची सर्व्हिस केली. कुंपणाबाहेर सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मॅच झाल्यावर म्हणाले, "डोळे तपासून घे." मी म्हटलं, घेते.

मला वाटलं होतं असा एक पॉइंट देऊन टाकला की काहीतरी हलकं होईल. काही झालं नाही. झालं असेल तर त्या मुलीचं, तिला फुकटचा मिळाला. आणि ती तू नव्हतीसच ना. मग उपयोग काय?

तो शब्द तोंडातून कसा निघाला, कोण जाणे. किती वर्षांनी म्हटला असेल. तुला आठवतो का? बॉल रेष चाटून गेला की 'चाटला'. आणि जिच्या बाजूला पडला तिनेच ओरडायचा, समोरचीने तोंड उघडायच्या आत. तू असली ओरडायचीस की बाबांच्या क्लबातले मोठे लोक खेळ थांबवून आपल्याकडे बघायचे.

परवा इथून निघायचं. पुढच्या गावालाही मातीचीच कोर्टं आहेत. बेसिन पुन्हा लाल होणार.

अठ्ठावीस तारखेला अजून सतरा दिवस आहेत. मी मोजत नाहीये, भिंतीवर कॅलेंडर आहे म्हणून दिसलं.

तुझी,
बुटकी

*

१७ फेब्रुवारी

ताई,

हरले. पहिल्याच फेरीत, ६-२, ६-१. फार वाईट वाटलं असं लिहायचा शिरस्ता आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे तेही वाटलं नाही. सर म्हणाले, "पहिली स्पर्धा जिंकल्यावर असं होतंच, डोक्यात हवा जाते." मनात म्हटलं, हवा तरी असायला हवी होती!

आत्ता कपडे धुवायच्या दुकानात बसले आहे. सकाळचे अकरा वाजलेत. समोर मशीनमध्ये माझे कपडे गरगरतायत आणि पाणी गुलाबी झालंय. शेजारी एक आजोबा त्यांच्या एका चादरीची राखण करत बसलेत. आम्ही दोघं मिळून मशीनकडे बघतोय.

काल फोनवर तू म्हणालीस, फॉर्म पूर्ण भरून झाला, फक्त सही राहिली. "कारण" या रकान्यात काय लिहिलंस ते तू हसत हसत वाचून दाखवलंस, आणि बाबाही हसले. "मोठ्या पॉइंटला हात सुटतो." ताई, सरकारी नसला तरी फॉर्म आहे तो. असं लिहितात का कोणी? तिथे 'वैयक्तिक' लिहायचं असतं.

मला सांगायचं होतं की सही करू नकोस. स्पीकर चालू होता.

मला आपलं कोर्ट आठवत होतं काल दिवसभर. क्लबाच्या मागच्या त्या दोन खोल्या, आणि खिडकी उघडली की समोर चार नंबरचं कोर्ट. सकाळी उठायच्या आधी बाबांच्या नळीचा आवाज यायचा, पाणी मारल्यावर मातीचा वास यायचा, मग रोलर, मग माती सारखी करायची ती जाळी ओढत फिरणं. बाकीच्यांचे बाप ऑफिसातून येताना खाऊ आणायचे, आपले बाबा बुटात माती घेऊन यायचे. आणि आपल्याला शिकवायचे काय, तर खुणा वाचायला! इतर मुली पुस्तक वाचायला शिकत होत्या तेव्हा आपण दोघी उकिडव्या बसून बॉलच्या खुणा वाचत होतो.

"ही बघा ताजी. तळ कसा गुळगुळीत आहे, पुढच्या काठाला माती साठलीय. आणि ही? ही जुनी. काठ मऊ झालेत, आत खडे पडलेत. फसायचं नाही." मग तोंड फिरवून उभं राहायला सांगायचे, बॉल आपटायचे, आणि विचारायचे, यातली आत्ताची कुठली? तू पाच वर्षांनी मोठी, पण त्या एका परीक्षेत मी तुला हरवायचे. त्यात मी कधी म्हणजे कधीच चुकले नाही. बाबा सगळ्यांना सांगायचे, धाकटीचे डोळे माझ्यावर गेलेत.

आणि बाबांची ती शिक्षा. खोटं 'आऊट' सांगितलं की अख्खं कोर्ट झाडायचं. एकटीने. जाळी ओढायची, मग रेषांच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या झाडणीने साफ करायच्या, आणि समोरचीने खुर्चीत बसून बघायचं. मी सात वर्षांची असताना एकदाच झाडलं होतं. तू खुर्चीत बसून पाय हलवत होतीस आणि म्हणत होतीस, "त्या कोपऱ्यात राहिलं, बुटके." शेवटी माझ्या हाताला फोड आला तेव्हा उरलेली अर्धी बाजू तूच झाडलीस आणि बाबांना सांगितलंस, हिनेच झाडली सगळी. तेही खोटंच की. त्याची शिक्षा तुला झाली नाही.

बघ, मी काय सांगायला बसले होते आणि दोन पानं झाडणीवर घालवली.

सांगायचं हे होतं की सप्टेंबरमध्ये त्या

मशीन थांबलं. आजोबा खुणावतायत. कपडे काढते.

बुटकी

*

२० फेब्रुवारी

ताई,

लांबडी उद्या घरी जातेय. (माझी डबल्सची जोडीदार. तुला फोटोत दाखवली होती, दारातून वाकून येते ती.) पाकीट तिच्याकडे देते आहे आणि तिला बजावलंय, ताईच्या हातात द्यायचं, बाबांच्या नाही, आईच्या नाही. ती म्हणाली, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हटलं, कपडे धुवायच्या मशीनची माहिती आहे. आधीची तिन्ही पत्रं यातच आहेत. मी टपालपेटी शोधलीच नव्हती. तिन्ही पत्रांत एक वाक्य नव्हतं, आणि ते नसताना टाकण्यात अर्थ नव्हता. तू ती आधी वाचली असशील तर तुला एव्हाना अंदाज आला असेल. तरी मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी परत झाडणीवर जाईन.

सप्टेंबर. क्वालिफाइंगची शेवटची फेरी, जिंकेल ती मुख्य स्पर्धेत. कोर्ट नंबर सात, सगळ्यात मागचं. पंच एकच होते आणि तीन कोर्टांवर फिरत होते. तेव्हा ते पाचवर होते. ज्याच्या बाजूला बॉल पडेल त्यानेच सांगायचं, आणि कोणी विचारलं तर खूण दाखवायची. तू ५-४, ४०-३०. सर्व्हिस तुझी.

नऊ-दहा फटके झाले. मग तू फोरहँड सरळ मारलास, माझ्या बॅकहँडच्या कोपऱ्यात. मी पोचले नाही. रॅकेट पुढे केली ती नुसती दाखवायला. बॉल पडताना मी बघितला. पट्टीवर पडला, बाहेरच्या काठावर. अर्धी खूण मातीत, रेषेला चिकटलेली. उरलेली अर्धी पट्टीवर, लाल पुसट. बाबांनी परीक्षेला ठेवावी इतकी स्वच्छ खूण होती.

आणि माझ्या तोंडातून 'आऊट' निघालं.

का, ते विचारू नकोस. मीच पाच महिने विचारते आहे. मला जिंकायचं होतं म्हणावं, तर त्या क्षणी तसं काही डोक्यात नव्हतं. तू जिंकणार आणि मी नेटपाशी येणार आणि तू माझ्या डोक्यावर टपली मारून 'पुढच्या वेळी, बुटके' म्हणणार, हे मला दिसलं. लहानपणापासून दिसतंय तेच. ते नको झालं. बस एवढंच होतं. तोंडातून निघालं ते निघालं, ते मी ठरवून केलं नाही. ते तुला माफ करता येईल कदाचित.

पुढचं नाही येणार.

तू नेटपाशी आलीस. चिडली नव्हतीस. नुसतं विचारलंस, "खूण?"

तिथे मी 'चाटला, चाटला, चुकलं माझं' म्हणू शकत होते. एका शब्दाचं काम होतं. मी चालायला लागले. सहा पावलं चालले ताई, मोजलेली आहेत. पहिल्या दोन पावलांत त्या अर्ध्या खुणेवर डावा बूट ठेवला आणि फिरवला. चुकून पडला नाही, फिरवला. नियम तुला माहीत आहे, आपल्या बाजूची खूण आपणच पुसली की पॉइंट समोरच्याचा. म्हणजे नियमाने तू तिथेच मॅच जिंकलीस, फक्त ते एकट्या मलाच माहीत होतं. उरलेल्या चार पावलांत मी बाहेर पडलेली दुसरी एक खूण शोधली. जुनी होती. काठ मऊ झालेले, आत खडे. तिच्याभोवती रॅकेटने गोल काढला आणि तुला दोन बोटं दाखवली.

सरांना किंवा कोणालाही मी म्हणू शकते की खूण ओळखण्यात चूक झाली. सगळ्यांची होते. पण तुला आणि बाबांना नाही म्हणू शकत. आपल्या घरातलं माणूस त्यात चुकत नाही.

तू येऊन बघू शकली असतीस. नियमाने येता येतं. आली असतीस तर एका नजरेत ओळखलं असतंस. तू नेटच्या पट्टीवर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तू बघितलीस ना? मग बास."

मग ड्यूस. मग ५-५. मग ७-५ मला. तू टपली नाही मारलीस, मिठी मारलीस. "छान खेळलीस," म्हणालीस. घरी गेल्यावर जेवताना बाबांना म्हणालीस, "दोन बोटं बाहेर गेला. मोठ्या पॉइंटला माझा हात सुटतो, आता कळलं. जिचा सुटत नाही तिला खेळू दे." मी आमटी वाढून घेत होते. पूर्ण वाढून घेतली, आणि जेवले. त्या दिवसापासून जेवते वेळेवर, झोपते वेळेवर, जिंकते, आणि मला काही म्हणजे काही वाटत नाही. आत कोणीतरी रोलर फिरवून गेल्यासारखं सपाट झालंय.

मला क्रमवारीचे पहिले गुण मिळाले ते त्या पॉइंटमुळे. पुढचं सगळं त्यावर उभं आहे, तो टूथब्रशचा कपसुद्धा. ते मी कुणाला परत द्यायचं, कसं द्यायचं, मला कळत नाही. स्पर्धेच्या ऑफिसला पत्र लिहीन, ते काय करतील ते करोत. पण मॅच ही लहान गोष्ट आहे गं. नुसती मॅच घेतली असती तर तू दुसरी जिंकली असतीस. मी तुझा हात घेतला. तुझा हात मोठ्या पॉइंटला सुटतो, हे तू एका जुन्या खुणेवरून ठरवलंस. ती खूण तुझ्या बॉलची नव्हतीच. कदाचित माझ्याच एखाद्या बॉलची असेल, बाजू बदलायच्या आधी तिथे तूच होतीस. आणि त्यावर तू मुलांना हसवतेस, फॉर्मवर कारण लिहितेस, आणि उरलेलं आयुष्य माझी बॅग उचलत माझ्याबरोबर फिरणार आहेस. रोज सकाळी मला 'पाय हलव, बुटके' म्हणणार आहेस, आणि मी 'हो ताई' म्हणणार आहे. ते मला जमणार नाही. बाकी सगळं जमलं, ते नाही जमणार.

मॅच पॉइंटला, दमलेल्या पायांनी, तू बॉल पट्टीच्या बाहेरच्या काठावर ठेवलास. त्याहून चांगला फोरहँड मी समोरून कधी बघितलेला नाही. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

वाटलं होतं हे लिहिताना रडू येईल आणि मोकळं होईन. येत नाहीये. हात थरथरत नाहीये, अक्षर बघ, शाळेतल्यासारखं आलंय. त्या दिवशी गोल काढतानाही हात थरथरला नव्हता. मला माझीच भीती वाटते, ताई. वाटायला लागलेली ही पहिली गोष्ट.

फॉर्मवर सही करायची की नाही ते तूच ठरव. मी कर म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही, मला तो हक्क राहिलेला नाही. फक्त तुझा बॉल बघून ठरव, माझं 'आऊट' ऐकून नको. आणि ते 'कारण' मात्र खोड. ते खोटं आहे.

बाबांना मी सांगेन. तू सांगू नकोस, आणि मला वाचवायला काही बोलू नकोस. सव्वीसला मी येतेय. सरांना सांगितलंय की पुढची स्पर्धा खेळत नाही, ते विचारत होते काय झालं. सकाळी पाण्याची नळी चालू व्हायच्या आत पोचेन. चार नंबरची जाळी मला काढून ठेव, झाडणी असेल तिथेच. तू खुर्ची घेऊन बस. बोलली नाहीस तरी चालेल. कोपऱ्यात राहिलं तर मात्र सांग. या वेळी अर्धं तू झाडायचं नाहीस.

ज्या बाजूला पडला तिनेच ओरडायचं असतं, समोरचीने तोंड उघडायच्या आत. मला पाच महिने उशीर झालाय, तरी ओरडते.

चाटला, ताई. चाटला होता.

अख्खं कोर्ट झाडायला येणारी,
बुटकी